दुसरी किल्ली



जुनी मोटार विकत घेतांना आपण काय काय पाहतों? टायर किती झिजले आहेत तें पाहतों, दारें लावून उघडून पाहतों, बॉनेट वर करून इंजिनाच्या आवाजाकडे कान देतों, आणि त्यांतलें फारसें कांहीं समजलें नाहीं तरी समजल्यासारखी मान हलवितों. मग भावाची घासाघीस होते, चहा येतो, सह्या होतात आणि व्यापारी किल्ली आपल्या हातावर ठेवतो. ती एकच आहे कीं दोन, हा प्रश्न बहुधा घरीं परतल्यावर, तोहि दुसऱ्या कोणी विचारल्यावर सुचतो. त्या न विचारलेल्या प्रश्नासंबंधीं आज मला आपल्याशीं थोडें बोलावयाचें आहे.

माझ्या भाच्यानें तीन वर्षांपूर्वीं पुण्यांत एका व्यापाऱ्याकडून पांच वर्षें वापरलेली लहानशी गाडी घेतली. गाडी चांगली होती, किंमतहि रास्त होती. किल्ली मात्र एकच मिळाली. “दुसरी पहिल्या मालकांच्या घरीं राहिली आहे, साहेब, दोन दिवसांत पोंचवितों,” असें व्यापाऱ्यानें सांगितलें. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. पुढें व्यापाऱ्याचा फोनच लागेनासा झाला. अशांत भाचा बायकोमुलांना आणि सासूबाईंना घेऊन गणपतिपुळ्यास गेला. समुद्रांत उतरतांना किल्ली विजारीच्या खिशांत राहिली आणि लाटेबरोबर गेली ती गेलीच.

संध्याकाळची वेळ, गाडी बंद आणि सासूबाईंचीं रक्तदाबाचीं औषधें आंत. गांवांतल्या एका मेकॅनिकनें दाराच्या फटींत हवेची पिशवी फुगवून दार उघडून दिलें. औषधें मिळालीं, पण इंजिन सुरू करणें त्याच्या हातचें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून रत्नागिरीस नेली. तेथील कारखान्यांत पहिला प्रश्न निघाला तो नोंदणीपुस्तकाचा, आणि त्यावर नांव अजून पहिल्या मालकाचेंच! ज्याच्या नांवावर गाडी त्यालाच नवी किल्ली, असा कारखान्याचा नियम. नियमांत गैर कांहीं नाहीं. तो नसता तर कोणीहि उठून कोणाच्याहि गाडीची किल्ली करून नेली असती. पण भाच्याला त्या घटकेला हें पटणें शक्य नव्हतें. “मामा,” तो मला फोनवर म्हणाला, “पैसे मीं मोजले, हप्ते मी भरतों, आणि हे लोक मला विचारतात कीं तुम्ही कोण!” पहिल्या मालकाचा पत्ता काढून त्याचें संमतिपत्र मिळविण्यांत आणि नवी किल्ली येण्यांत नऊ दिवस गेले.

एका किल्लीसाठीं एवढा खटाटोप कशाला, असें आपल्यांतील वडीलधाऱ्यांना वाटेल. ज्यांनीं ॲम्बॅसडर किंवा पद्मिनी चालविली आहे त्यांच्या लेखीं किल्ली म्हणजे धातूचा एक दातेरी तुकडा. बाजारांत कानस घेऊन बसलेला किल्लीवाला तो पाहतां पाहतां घासून देई. ॲम्बॅसडरचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. पण किल्लीचा तो साधेपणा त्याच्या बराच आधीं संपत आला होता.

आजच्या किल्लीच्या कवचांत तीन निरनिराळ्या वस्तु नांदत असतात. एक धातूचें पातें. त्याचें काम जुनेंच, कुलूप फिरविण्याचें. दुसरी वस्तु म्हणजे बटन दाबतांच दार उघडणारा रिमोट. याला बॅटरी लागते. तिसरी वस्तु आपल्याला दिसत नाहीं. ती एक लहानशी चिप असते. तिला ट्रान्सपॉन्डर म्हणतात. हिला स्वतःची बॅटरी नसते. किल्ली कुलुपांत घातली कीं कुलुपाभोवतीं बसविलेल्या तारेच्या वेटोळ्यांतून तिला क्षणभर शक्ति मिळते, ती जागी होते आणि आपली सांकेतिक ओळख सांगते. ती ओळख गाडींतील यंत्राच्या स्मरणांत असेल तरच इंजिन चालतें. नसेल तर तें सुरूच होत नाहीं, किंवा एक-दोन सेकंद चालून बंद पडतें. ह्या यंत्राला इमोबिलायझर असें नांव आहे. युरोपांत १९९८ पासून नव्या मोटारींना तें सक्तीचें झालें, आणि आपल्याकडेहि आतां नव्या मोटारींत तें सर्रास आढळतें. बटन दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांत तत्त्व हेंच आहे. तेथें किल्ली खिशांत बसूनच बोलते एवढेंच.

तात्पर्य, किल्ली घासणें हें आतां अर्धेंच काम; गाडीला ती ओळखावयास शिकविणें हें उरलेलें अर्धें, आणि तेंच अवघड. येथें एक किल्ली शिल्लक असणें आणि एकहि नसणें यांत जमीनअस्मानाचें अंतर पडतें. एक चालती किल्ली असली म्हणजे तिच्या साक्षीनें दुसरी शिकविणें बहुधा सोपें जातें. कांहीं गाड्यांत तर दोन चालत्या किल्ल्या असल्यास तिसरी मालकाला स्वतःच शिकवितां येते. एकहि नसली म्हणजे गुप्त आंकडे मिळवा, संगणक जोडा, सारें स्मरण नव्यानें लिहा, असा प्रपंच सुरू होतो. फियाटच्या १९९० नंतरच्या कांहीं गाड्यांबरोबर तांबड्या रंगाची एक मूळ किल्ली मिळत असे; नव्या किल्ल्या शिकविण्याचा अधिकार तिचाच. ती हरवली तर इंजिनाचें नियंत्रण करणारी पेटीच बदलण्याची पाळी येई. साध्या गाडीची चिप असलेली किल्ली आज कांहीं हजार रुपयांत होते, महागड्या गाडीचा आंकडा याच्या कितीतरी पटीनें वर जातो. किंमत ठरवितांना हा खर्च कोणाच्या खात्यावर जाणार, हें आधींच बोलून घ्यावें तें यासाठीं.

येथवर गैरसोयीची गोष्ट झाली. मला अधिक काळजीची वाटते ती दुसरी बाजू. जी किल्ली आपल्याला मिळालेली नाहीं ती नाहींशी झालेली असतेच असें नाहीं. बहुधा ती कोठेंतरी असते. पहिल्या मालकाच्या खुंटीला असेल, त्यानें दोन वर्षांपूर्वीं काढून टाकलेल्या ड्रायव्हरकडे असेल, हप्ते थकले म्हणून गाडी ओढून नेणाऱ्यांच्या टेबलाच्या खणांत असेल. आणि मालक बदलला हें गाडीला ठाऊक नसतें. आर. टी. ओ. च्या दप्तरांत नांव फिरलें म्हणून यंत्राचें स्मरण फिरत नाहीं. आपल्या दारासमोर रात्रीं उभी असलेली गाडी त्या अनोळखी हातांतल्या किल्लीला आपल्याइतकीच इमानानें प्रतिसाद देईल. घराचें कुलूप आपण नव्या जागेंत गेल्यावर बदलतों. मोटारीच्या बाबतींत मात्र तें कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

यावर उपाय आहे, आणि तो फार महाग नाहीं. आपल्याजवळ असतील तेवढ्या सगळ्या किल्ल्या घेऊन कंपनीच्या अधिकृत कारखान्यांत जावें आणि ह्याच किल्ल्या ठेवून बाकीच्यांची ओळख पुसून टाकण्यास सांगावें. पुष्कळ गाड्यांत किती किल्ल्यांची नोंद आहे हेंहि संगणक लावून कळतें. पुसलेल्या किल्लीनें इंजिन चालत नाहीं. धातूचें पातें मात्र तसेंच राहतें, तेव्हां दार उघडूं शकतें. तेंहि थांबवावयाचें तर कुलुपें बदलावीं लागतील. हा शेवटचा खर्च प्रत्येकानें करावा असें मी म्हणणार नाहीं. मौल्यवान वस्तु गाडींत ठेवूं नयेत, एवढें केलें तरी पुष्कळ झालें.

विम्याचें प्रकरण याहून नाजूक आहे. गाडी चोरीस गेली आणि नुकसानभरपाई मागितली कीं विमा कंपनी सामान्यतः गाडीच्या सर्व किल्ल्या हजर करावयास सांगते. त्यामागचा तर्क उघड आहे: किल्ली गाडींत विसरली होती काय, किंवा ती कोणाला दिली होती काय, याची त्यांना खात्री हवी असते. आपण एकच किल्ली पुढें केली तर दुसरीचा जबाब द्यावा लागतो, आणि ‘मिळालीच नव्हती’ हें तोंडी उत्तर तेथें लंगडें पडतें. म्हणून एकच किल्ली मिळत असेल तर गाडी ताब्यांत घेण्याच्या कागदावर ‘एकच किल्ली दिली’ असें व्यापाऱ्याकडून लिहून आणि सही करून घ्यावें. शिवाय विमा आपल्या नांवावर करण्याचा अर्ज खरेदीपासून १४ दिवसांच्या आंत करावयाचा असतो, त्याच वेळीं ही गोष्ट कंपनीलाहि लेखी कळवून ठेवावी.

व्यापाऱ्याच्या दुकानांत असतांना दोन किल्ल्या मिळाल्या तरी निर्धास्त होऊं नये. प्रत्येक किल्ली वेगवेगळी पारखावी: तिनें दार उघडतें काय, इंजिन सुरू होऊन चालूं राहतें काय, रिमोट चालतो काय. पारखतांना दुसरी किल्ली चार पावलें दूर असलेल्या माणसाच्या हातीं द्यावी. दोन्ही एकाच कडींत अडकविलेल्या असल्या तर कुलुपांतल्या निकामी किल्लीचा आरोप शेजारची चांगली किल्ली आपल्या अंगावर घेते आणि आपण फसतों. किल्लीचा क्रमांक कोरलेली लहानशी पट्टी कांहीं गाड्यांबरोबर येते. ती असल्यास अवश्य मागावी आणि गाडींत न ठेवतां घरीं ठेवावी.

आणि ‘मागाहून पाठवितों’ असें उत्तर आलें तर? सगळेच व्यापारी खोटें बोलतात असें नाहीं. पुष्कळ वेळां गाडी त्यांच्याकडेच एका किल्लीनिशीं आलेली असते. पण पैसे पुरे पोंचल्यावर त्या किल्लीची आठवण कोणाला राहणार? नव्या किल्लीच्या खर्चाएवढी रक्कम राखून ठेवावी आणि किल्ली आल्यावर द्यावी, हा सर्वांत सभ्य मार्ग. तो मान्य नसेल तर नवी किल्ली करून देण्याची अट विक्रीच्या कागदावर तारखेसह लिहून घ्यावी. पहिल्या मालकाकडे मागणी करणें आपल्यापेक्षां व्यापाऱ्यालाच सोपें आहे. १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या केंद्रीय नियमांप्रमाणें तर जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यास अधिकारपत्र घ्यावें लागतें, मालकाकडून गाडी ताब्यांत आल्याचें नोंदणी अधिकाऱ्याला कळविलें जातें, आणि ताब्यांतील गाडीच्या मालकीबदलासाठीं व्यापारी स्वतः अर्ज करूं शकतो. तेव्हां मालक कोण हें आम्हांस ठाऊक नाहीं, ही सबब अशा व्यापाऱ्याच्या तोंडीं शोभत नाहीं.

भाच्याची दुसरी किल्ली पुढें आली, बरें का! रत्नागिरीच्या प्रकरणानंतर दोन महिन्यांनीं एक पाकीट आलें; आंत किल्ली, आणि बरोबर चिठ्ठी ना चपाटी. रत्नागिरीच्या कारखान्यानें सारें स्मरण नव्यानें लिहिलें होतें, त्यामुळें त्या किल्लीनें इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडलें. दार मात्र अलगद उघडलें.