टंचाईतून जन्मलेल्या पाई

केक-बिस्किटांची गोडी आपल्या घरांत रुजली, त्याला पुष्कळ काळ लोटला. परंतु एकत्र कुटुंबात या पदार्थांबरोबर एक बारीकसा सलही येतो. मुले आनंदाने केक खातात आणि आजी “अंडे असेल हो त्यात” असे म्हणून बशी हळूच बाजूस सारतात. ज्या घरांनी पंक्तिप्रपंच निषिद्ध मानला, त्या घरांत एकाने खावे व दुसऱ्याने पाहत बसावे, हे आम्हांस रुचत नाही. अंड्यांच्या जागी भलतेच काही घालून केलेला केक हा त्यावरचा उपाय खरा. पण मुळातच ज्यांत अंडे पडत नाही असे भट्टीचे पदार्थ असतील तर ते अधिक बरे, नव्हे काय? असे पदार्थ आहेत, व ते पाईच्या कुळात विशेष सापडतात.

उच्चाराप्रमाणे ‘पाय’ असे लिहावे तर वाचकांस भलताच अवयव आठवेल, म्हणून आम्ही ‘पाई’ लिहितो. जुन्या हिशेबात पाई म्हणजे रुपयाचा 192वा भाग. आम्ही येथे सांगणार आहोत त्या पदार्थांच्या काटकसरीस हे नाव शोभूनही दिसते. पाई म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ. आपल्या करंजीची थोरली बहीणच म्हणा ना! मांसमासळीच्या पाई पुष्कळ आहेत, आणि कॉर्नवॉलमधील एकीत तर मासळीची तोंडे पारीतून वर आकाशाकडे पाहत असतात. तिचे वर्णन येथेच पुरे. आमचे लक्ष वेधले ते टंचाईच्या दिवसांत गृहिणींनी हाताशी होते तेवढ्यातून उभ्या केलेल्या पाईंनी.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध इंग्लंडातील वुल्टन पाई होय. दुसऱ्या महायुद्धात, 1940 च्या जानेवारीत, त्या देशात लोणी, साखर आदी जिनसांचे नियंत्रित वाटप सुरू झाले. पुढे अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांच्या नावाने ही पाई 1941 साली लोकांपुढे आली. कृती बसविणारे फ्रान्स्वा लात्री हे लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातील मुख्य आचारी. धनिकांच्या मुदपाकखान्यातील मनुष्याने रेशनावरील संसारासाठी बटाटे शिजवावेत, हा काळाचा महिमा! बटाटा, फुलकोबी, गाजर व सलगमाच्या जातीचा स्वीड नावाचा कंद, प्रत्येकी एक पौंड, म्हणजे सुमारे 450 ग्रॅम; तीन-चार पातीचे कांदे, चमचाभर भाज्यांचा अर्क आणि मोठा चमचाभर ओटचा भरडा. हे सारे जेमतेम बुडेल इतक्या पाण्यात दहा मिनिटे शिजवून निववावयाचे, वर बटाट्याचे किंवा कणकेचे आच्छादन घालून तांबूस होईतो भाजावयाचे.

इंग्लंडात ही पाई कधीच लाडकी झाली नाही. लोकांनी ती कर्तव्य म्हणून खाल्ली व तिची यथेच्छ थट्टा केली. आमच्या मते दोष भाज्यांचा नव्हता. ज्यांस मांस हेच जेवण वाटे, त्यांस ते नसलेली पाई पोकळ वाटली, इतकेच. आपल्याकडे ती अडचण नाही. स्वीडऐवजी सलगम किंवा नवलकोल घ्यावा, आले-मिरपूड सढळ हाताने घालावी, म्हणजे हीच पाई रात्रीच्या जेवणास भारदस्त होते.

दुसरा प्रकार सायप्रस बेटातील. तेथील ग्रीक ख्रिस्ती लोक ईस्टरपूर्वीच्या दीर्घ उपवासात अंडी व दूधदुभते वर्ज्य करतात. त्यामुळे त्यांच्या उपवासाच्या पाई आपोआप निर्दोष होतात. कोलोकोती ही त्यांपैकी एक. लाल भोपळ्याच्या बारीक फोडी, मनुका, भरडलेला गहू, ऑलिव्हचे तेल, दालचिनी, मीठ व मिरपूड असे गोड-तिखट सारण, आणि आकार पुष्कळदा हुबेहूब करंजीचा! लापशीचा रवा किंचित वाफवून घातला तर भोपळ्याचे पाणी तो शोषून घेतो व पारी ओली होत नाही.

पारीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पाई फसते ती येथेच. 20 सेंटीमीटरच्या थाळीस खालची-वरची मिळून 250 ग्रॅम मैदा, 125 ग्रॅम घट्ट गार लोणी व चिमूटभर मीठ पुरते. करंजीस आपण कडकडीत मोहन घालतो. येथे नेमके उलट करावयाचे. लोणी बोटांच्या टोकांनी पिठात चुरावे, पण वाटाण्याएवढे काही खडे राहू द्यावेत. भट्टीत ते वितळतात, त्यांतील पाण्याची वाफ होते व पापुद्रे सुटतात. मग बर्फाचे पाणी चार-पाच चमचे, गोळा जमेपुरतेच. पीठ तिंबू नये. तिंबल्याने त्यास चिवटपणा येतो. अर्धा तास थंड जागी ठेवून मग लाटावे. वरून अंडे फासण्याची चाल आहे, त्याऐवजी दूध चालते.

गोड पाईंत अमेरिकेतील हिरव्या टोमॅटोची पाई आम्हांस आवडते. थंडीचे दव गोठण्यापूर्वी वेलावर उरलेली कच्ची फळे वाया जाऊ नयेत म्हणून ती होई. पातळ चकत्या 700 ग्रॅम, साखर 150 ग्रॅम, तीन चमचे मैदा, लिंबू व दालचिनी. वरच्या पारीस चिरा पाडून 200 अंशांवर 15 मिनिटे, नंतर 180 वर सुमारे 40 मिनिटे भाजावी. न सांगता वाढली तर पाहुणे सफरचंद म्हणून खातात!

शेवटी इंडियाना प्रांतातील साखर-सायीची पाई. तळघरातील सफरचंदे संपली की शेतकरी कुटुंबांत ही होई. ज्यात फळ नाही, अंडेही नाही अशी. 2009 साली तेथील सेनेटने ठराव करून तिला प्रांताच्या पाईचा मान दिला. अर्ध्या पिठाची नुसती खालची पारी थाळीत बसवावी, कागद घालून वर कोरडे हरभरे पसरावेत, म्हणजे ती फुगत नाही, व तशीच तांबूस भाजून घ्यावी. दूध व साय मिळून 400 मिलिलिटर, साखर 150 ग्रॅम, कॉर्नफ्लॉवर 30 ग्रॅम, लोणी 50 ग्रॅम मंद आचेवर घोटून दाट करावे, पारीत ओतावे, जायफळ किसावे व 190 अंशांवर 20 मिनिटे भाजावे. भट्टीतून काढताना सारण थरथरते, त्याने घाबरू नये. चार तास गार होऊ द्यावी. मुलांनी कितीही घाई केली तरी त्याआधी सुरी लावू नये.