वीज गेली की टाकीतले पाणी कुठे जाते?

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, ते मरीन ड्राइव्हवर, समुद्रालगत. निर्मळच्या घरात प्रवाळांची मोठी टाकी मांडायची, तर समुद्र तिच्या खालच्या दुसऱ्या टाकीत बसवावा लागतो! वरच्या टाकीच्या काठावरून सांडलेले पाणी खाली उतरते, गाळले जाते आणि पंप ते नळीने पुन्हा वर चढवतो.

समजा, वरची टाकी २ मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच उंच आहे. तिच्यात ७२० लिटर पाणी मावेल. समुद्राच्या पाण्याचे वजन लिटरला सुमारे १.०२५ किलो, म्हणजे नुसते पाणीच ७३८ किलो! साध्या टेबलाचे ते काम नव्हे.

आता पावसाळ्यातल्या रात्री वीज गेली. पंप थांबला, पण नळी भरलेलीच आहे. तिचे वरचे तोंड पाण्यात १५ सेंटिमीटर बुडलेले असेल, तर तीच नळी सायफन बनते. पाणी उलटे वाहू लागते, ते तोंड उघडे पडेपर्यंत. हिशेब करा : २०० × ६० × १५ घन सेंटिमीटर, म्हणजे १८० लिटर! खाली तेवढी जागा नसेल, तर पाणी घरभर.

उपाय सोपा आहे. पृष्ठभागाखाली १ सेंटिमीटरवर नळीला पेन्सिल जाईल एवढे भोक पाडा. पातळी तिथवर उतरली की हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. उतरते फक्त १२ लिटर. एकमार्गी झडपेवर मात्र विसंबू नये. वाळूचा एक कण तिला अडकवतो. भोकही शेवाळाने बुजते, म्हणून ते अधूनमधून साफ करावे लागते.

दोन बादल्या आणि रबरी नळी घेऊन हा प्रयोग अंगणात करून पाहा.