क्वार्टरबॅकला राखतो कोण?

फुटबॉल म्हटले की गोव्यातील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे पायाने खेळावयाचा चेंडू उभा राहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. आज मला ज्या फुटबॉलविषयी बोलावयाचे आहे तो अमेरिकेतला. त्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. तो हातांत घेऊन पळावयाचा अथवा पुढे फेकावयाचा असतो. अकरा-अकरा गड्यांचे दोन संघ, शंभर यार्डांचे मैदान, आणि चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकण्याची अट. ती साधली की नवे चार प्रयत्न मिळतात. न साधली तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे आजच्या विषयापुरते पुरे आहे.

२०२० च्या हंगामात कॅन्सस सिटीच्या चीफ्स संघाने साखळीतील सोळा सामन्यांपैकी चौदा जिंकले होते. पॅट्रिक माहोम्स हा त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू कोणाकडे फेकावयाचा हे ठरवून तो फेकणारा आक्रमणाचा सूत्रधार. असा हा संघ ७ फेब्रुवारी २०२१ रोजी टँपा येथे सुपर बोलच्या अंतिम सामन्यास उतरला आणि बकनीअर्स संघाकडून ३१-९ असा हरला. नऊ गुणही चेंडू खांबांमधून लाथेने पार करून, तीन-तीन करून मिळालेले. टचडाउन एकही नाही. एवढे नावाजलेले आक्रमण एकाएकी इतके दुबळे का झाले, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांना पडला. माझ्या मते त्याचे उत्तर माहोम्सच्या हातात नव्हते. ते त्याच्या पुढे उभ्या असलेल्या पाच गड्यांत होते.

या पाच जणांची ओळख करून दिली पाहिजे, कारण त्यांच्या वाट्याला टाळ्या येत नाहीत. मध्यभागी सेंटर, त्याच्या दोहों बाजूंस एकेक गार्ड आणि दोन्ही टोकांस एकेक टॅकल. सेंटर आपल्या पायांमधून चेंडू मागे देतो. क्वार्टरबॅक तो घेऊन दोन-चार पावले मागे सरतो, मैदान न्याहाळतो आणि सुमारे अडीच सेकंदांत फेक करतो. तेवढा अवधी त्यास मिळवून देणे हे या पाच जणांचे काम. त्यांना सामान्यतः पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची मुभा नाही. धावून येणाऱ्यास मिठी मारून धरले तर दहा यार्डांचा दंड होतो. म्हणजे सुमारे एकशेचाळीस किलो वजनाच्या माणसाने मागे मागे सरकत, पुढे मुसंडी मारणाऱ्या तेवढ्याच बलदंड माणसास केवळ रेटून थोपवावयाचे! कबड्डीतील साखळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातील मर्म चटकन उमगेल. साखळीतला एक गडी क्षणभर उशिरा हलला की चढाई करणारा निसटतो; बाकीच्यांनी केलेली शर्थ त्या वेळी कामास येत नाही.

त्यातही टोकांवरच्या टॅकलची जागा सर्वांत अवघड. आत खेळणाऱ्या गार्डला दोहों बाजूंनी शेजार असतो. टॅकलच्या बाहेरची बाजू उघडी असते, आणि प्रतिपक्षाचे सर्वांत चपळ गडी नेमके तेथूनच वळसा घालून येतात. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असल्यामुळे डाव्या टॅकलवर त्याची सारी भिस्त असते, कारण त्या बाजूने येणारा त्यास दिसतच नाही. १८ नोव्हेंबर १९८५ रोजी वॉशिंग्टनच्या जो थाइजमनला न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने खाली पाडले. थाइजमनचा पाय मोडला आणि पुढे तो कधीही खेळला नाही. क्वार्टरबॅकच्या रक्षणाची गोष्ट निघाली म्हणजे केवळ गुणफलकाचा विचार करून भागत नाही, ते यासाठी.

आता थोडे गणित. पाच जण रक्षणास, एक क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू झेलावयास उरले पाच. बचाव करणाऱ्या संघाने चारच गडी क्वार्टरबॅकवर सोडले तर पाच झेलणाऱ्यांवर नजर ठेवावयास त्याच्याकडे सात जण राहतात. पाच-सहा जण एकदम सोडले, ज्याला ब्लिट्झ म्हणतात, तर दडपण वाढते खरे, परंतु पाठीमागे मैदान मोकळे पडते. म्हणून प्रत्येक बचावशिक्षकाची मनोमन इच्छा असते की चौघांनीच काम भागवावे. अडचण एवढीच की समोरची फळी शाबूत असेल तर चौघांकडून ते सहसा भागत नाही.

टँपाचे बचावशिक्षक टॉड बोल्स हे ब्लिट्झसाठीच प्रसिद्ध होते. त्याच हंगामात २९ नोव्हेंबर २०२० रोजी याच दोन संघांचा टँपातच सामना झाला होता. त्या वेळी चीफ्सच्या टायरिक हिलने पहिल्याच चतुर्थांशात २०३ यार्ड मिळवले, आणि टँपाचा संघ २४-२७ असा हरला. फेब्रुवारीत बोल्सनी आपली सवय मोडली. दोन गडी पार मागे उभे करून लांब फेकीची वाट बंद केली, आणि माहोम्सवर बहुतेक वेळा चौघेच सोडले.

ते चौघे पुरले, कारण चीफ्सची फळी शाबूत नव्हती. उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्याने ऑक्टोबरपासून बाहेर होता. डावा टॅकल एरिक फिशर याच्या टाचेचा स्नायुबंध अंतिम सामन्यापूर्वी दोनच आठवडे, २४ जानेवारीच्या सामन्यात, तुटला. एक गार्ड गुडघ्यांच्या दुखापतीने जायबंदी होता. लॉराँ द्युव्हर्ने-टार्डिफ हा दुसरा अनुभवी गार्ड शिक्षणाने डॉक्टर. करोनाच्या साथीत त्याने हंगामच सोडला आणि माँट्रियलजवळच्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात कामास गेला. (फळीत एक माणूस कमी झाला याची हळहळ त्याच्या बाबतीत कोणी करू नये असे मला वाटते.) हंगामाच्या आरंभी उभ्या असलेल्या पाच जणांपैकी अंतिम सामन्यात आपल्या मूळ जागी राहिला तो केवळ सेंटर. उजवा गार्ड अँड्र्यू वायली यास सरकवून उजवा टॅकल करण्यात आले होते. त्याचे नाव लक्षात ठेवावे.

परिणाम असा झाला की माहोम्स ५६ वेळा फेकीसाठी मागे सरला, त्यांपैकी २९ वेळा प्रतिपक्षाचे गडी त्याच्यापर्यंत येऊन भिडले. चेंडू फेकण्यापूर्वी अथवा खाली पडण्यापूर्वी तो जीव वाचवीत जितका पळाला त्याची मोजणी झाली आहे: ४९७ यार्ड, म्हणजे मैदानाच्या जवळजवळ पाच लांबी. चौथ्या चतुर्थांशात पडता पडता, शरीर जमिनीस समांतर झालेले असताना, त्याने एक चेंडू थेट अंतिम पट्ट्यातील सहकाऱ्यापर्यंत पोहोचवला. तो सहकाऱ्याच्या शिरस्त्राणाच्या जाळीवर आदळून खाली पडला. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की माहोम्सच्या पायाचा अंगठा दुखावलेला होता आणि त्यावर लगेचच शस्त्रक्रिया करावी लागली. शिवाय चीफ्सने पूर्वार्धातच आठ दंड ओढवून घेतले. परंतु समोरच्या बाजूस त्रेचाळीस वर्षांचा टॉम ब्रेडी निवांत उभा राहून फेकत होता. त्याच्याही फळीत एक गार्ड बदली होता. दोन्ही टॅकल मात्र जागेवर होते. संपूर्ण सामन्यात तो एकदाच पाडला गेला.

अशा प्रसंगी क्वार्टरबॅकला राखण्याचे उपाय तरी कोणते? एखाद्या झेलणाऱ्यास टॅकलच्या मदतीस ठेवता येते. मग झेलणारे चारच उरतात. फेक लौकर करता येते. मग लांबचा पल्ला सोडावा लागतो. चेंडू हातात घेऊन पळण्याचा डाव वारंवार टाकला म्हणजे धावून येणारे बिचकतात आणि आधी चेंडू कोठे आहे ते पाहू लागतात. हा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो, परंतु पिछाडीवर पडलेल्या संघास घड्याळ तो करू देत नाही. त्या रात्री चीफ्स मध्यंतरासच ६-२१ असे मागे होते. दुबळ्या टोकांना मदत द्यावयास हवी होती ती सामन्याच्या आरंभी. शिक्षक अँडी रीड यांनी ती पुरेशी दिली नाही, असे माझे मत आहे.

पुढच्याच मार्चमध्ये चीफ्सने फिशर व श्वार्ट्झ या दोघांना मोकळे केले. जो थूनी हा गार्ड घेतला, ऑर्लँडो ब्राउन हा डावा टॅकल बाल्टिमोरकडून मिळवला, आणि नवोदितांच्या निवडीत क्रीड हम्फ्री हा सेंटर व ट्रे स्मिथ हा गार्ड निवडला. स्मिथ तर सहाव्या फेरीपर्यंत उरलेला होता.

दोन वर्षांनी, १२ फेब्रुवारी २०२३ रोजी, ॲरिझोनात चीफ्स पुन्हा अंतिम सामना खेळले. समोर फिलाडेल्फियाचा ईगल्स संघ. त्याने त्या साखळीत प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकना सत्तर वेळा पाडले होते. माहोम्सचा घोटा मुरगळलेला. तरीही त्या सामन्यात तो एकदाही पाडला गेला नाही, आणि चीफ्स ३८-३५ असे जिंकले. या खेपेस त्याने ४९ नव्हे, २७ च चेंडू फेकले. पळून मिळवलेले यार्ड होते १५८. हिरवळ निसरडी होती आणि तिचा त्रास धावून येणाऱ्यांना अधिक झाला, हेही खरे. उजव्या टोकावर उभा होता तो अँड्र्यू वायलीच. माणूस तोच, जागाही तीच. त्याच्या शेजारचा गार्ड बदलला होता, त्या जागेवर त्याचा हात बसला होता, आणि फेकीचा सारा भार त्याच्यावर पडणार नाही असा डाव रचला होता.

एवढ्याने प्रश्न कायमचा सुटला असे मात्र नाही. २०२४ च्या हंगामात चीफ्सला भरवशाचा डावा टॅकल मिळेना. अखेरीस थूनी या गार्डलाच टोकावर नेले आणि त्याच्या जागी दुसरा उभा केला. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे ईगल्सने एकदाही ब्लिट्झ न करता माहोम्सला सहा वेळा पाडले आणि ४०-२२ असा विजय मिळवला. मध्यंतरास गुणफलक २४-० दाखवत होता. त्यानंतर चीफ्सने थूनीला शिकागोस देऊन टाकले, आणि एप्रिलच्या निवडीत आपली पहिली पसंती जॉश सिमन्स या तरुणास दिली. तो टॅकल आहे, डावीकडचा.