वाटेत जन्मलेल्यांचं काय?

५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालेलं व्हॉयेजर-१ अजून धावतं आहे. त्याचा वेग सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर. या वेगानं मुंबई-पुणे अंतर दहा सेकंदांच्या आत कापता येईल. पण सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे आणि याच वेगानं तिथं पोचायला सुमारे ७५,००० वर्षं लागतील. पार्कर सोलर प्रोबनं डिसेंबर २०२४ मध्ये सूर्याच्या ओढीचा फायदा घेत सेकंदाला १९२ किलोमीटरचा वेग गाठला. तो वेग टिकवता आला, तरी साडेसहा हजार वर्षं हवीतच.

माणसासाठी नवं घर शोधायला निघणाऱ्या प्रत्येक जहाजाची गोष्ट या आकड्यांपाशी सुरू होते. एका माणसाचं आयुष्य या प्रवासाला पुरत नाही. मग एक तर वेग अफाट वाढवायचा, नाही तर प्रवाशांना शतकानुशतकं झोपवून न्यायचं. आणि दोन्ही जमत नसेल, तर जहाजातच संसार थाटायचे: निघतील आजोबा-आजी, पोचतील पणतू-खापरपणतू. ही तिसरी वाट लेखकांना सर्वाधिक आवडली, कारण तिच्यात इंजिनापेक्षा माणसांची गोष्ट मोठी आहे.

अमेरिकी रॉकेटतज्ज्ञ रॉबर्ट गॉडार्ड यांनी १९१८ सालीच ‘शेवटचं स्थलांतर’ या अर्थाच्या शीर्षकाचं टिपण लिहून पाकिटात बंद करून ठेवलं. सूर्य निवू लागला तर माणसानं काय करावं, याचा विचार त्यात होता. अणुऊर्जा हाती आली तर तिच्या जोरावर निघावं, नाही तर जीवनाचं बीज सुप्तावस्थेत पाठवावं, अशी ती कल्पना. तेव्हा द्रव इंधनावर चालणारं पहिलं रॉकेट उडायलाही आठ वर्षं अवकाश होता. पुढे रशियात त्सिओल्कोव्हस्की आणि ब्रिटनमध्ये जे. डी. बर्नाल यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या वसाहतींचा विचार केला. या तिघांच्याही लेखनात भरवसा आहे.

कथाकारांच्या हाती ही कल्पना आली आणि जहाज बिघडू लागलं.

रॉबर्ट हाइनलाइन यांची ‘युनिव्हर्स’ ही कथा १९४१ ची. जहाजावर कधी काळी बंड झालं, जाणकार मारले गेले आणि उरलेल्यांच्या वंशजांना आपण जहाजात आहोत हेच आठवेनासं झालं. त्यांच्यासाठी जहाज हेच अवघं विश्व. पूर्वजांची शास्त्राची पुस्तकं ते धर्मग्रंथासारखी वाचतात आणि ‘प्रवास’ या कल्पनेचा आध्यात्मिक अर्थ लावतात. ब्रायन अल्डिस यांनी १९५८ च्या ‘नॉन-स्टॉप’ मध्ये हाच धागा पुढे नेला. त्यांच्या जहाजात मार्गिकांमधून झाडझाडोरा माजला आहे आणि टोळ्या त्यातून वाट काढत जगताहेत. ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे आपोआप जातं, हा समज या लेखकांनी मोडीत काढला.

पण बिघडलेल्या प्रवासाची सर्वांत खोल गोष्ट कादंबरीत नाही, काव्यात आहे. स्वीडिश कवी हॅरी मार्टिन्सन यांचं १०३ सर्गांचं ‘अनिआरा’ १९५६ साली प्रसिद्ध झालं. अणुयुद्धांनी पोळलेल्या पृथ्वीवरून आठ हजार लोक मंगळाकडे निघतात. ही तशी नेहमीची खेप. वाटेत एका लघुग्रहाला चुकवताना यान भरकटतं, सुकाणू निकामी होतं आणि ते सूर्यमालेबाहेर, वीणा तारकासमूहाच्या दिशेनं वाहत जातं. परत वळणं अशक्य. अन्न आहे, हवा आहे, दिवे आहेत. पोचायचं ठिकाण तेवढं नाही. जहाजावर ‘मीमा’ नावाचं यंत्र आहे. ते दूरच्या जगांची दृश्यं दाखवतं आणि लोक त्यांत स्वतःला विसरतात. मग एक दिवस मीमाला पृथ्वीवरच्या एका शहराचा अणुस्फोटात झालेला नाश दिसतो आणि ते दुःख न सोसून ती बंद पडते. तिच्यामागे जहाजावर पंथ निघतात, भोगविलास वाढतो, हुकूमशाही येते. चोविसाव्या वर्षी सगळं संपतं.

मार्टिन्सन लहानपणीच पोरके झाले होते. वडील वारले, आई मुलांना मागे ठेवून अमेरिकेला गेली आणि हा मुलगा गावाच्या खर्चानं अनोळखी घरांत वाढला. पुढे तो खलाशी झाला. जहाज, स्थलांतर, मागे राहिलेला किनारा यांविषयी त्यांच्या ओळींना असलेलं वजन कल्पनेतून आलेलं नाही. १९५९ मध्ये या काव्यावर कार्ल-बिरिएर ब्लूमदाल यांनी ऑपेरा रचला, १९७४ मध्ये मार्टिन्सन यांना आयविंद जॉन्सन यांच्यासोबत नोबेल विभागून मिळालं आणि २०१८ मध्ये चित्रपटही आला. विज्ञानकथेच्या वाचकांत मात्र या काव्याची चर्चा हवी तेवढी होत नाही, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

झोपेच्या वाटेवरही पेच उभा राहतोच. २०१६ च्या ‘पॅसेंजर्स’ या चित्रपटात १२० वर्षांच्या प्रवासातला एक प्रवासी यंत्रातल्या दोषामुळे ९० वर्षं आधीच जागा होतो आणि एकटेपणा असह्य होऊन एका झोपलेल्या स्त्रीला उठवतो. तिचं उरलेलं आयुष्य तिला न विचारता जहाजावर खर्ची पडणार असतं. चित्रपट या अपराधाला लवकर माफ करतो. प्रेक्षकानं तसं करण्याचं कारण नाही.

कागदावरच्या इंजिनांची हकिकत थोडक्यात सांगता येते. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीनं १९७३ ते १९७८ या काळात ‘डीडलस’ यानाचा आराखडा केला: वजन ५४,००० टन, त्यातलं ५०,००० टन इंधन, वेग प्रकाशाच्या १२ टक्के, बर्नार्डच्या ताऱ्यापर्यंत सुमारे ५० वर्षं. लागणारा हेलियम-३ गुरूच्या वातावरणातून काढायचा होता. यानात माणूस नव्हता, आणि पोचल्यावर थांबायची सोयही नव्हती. २०१६ साली जाहीर झालेल्या ‘ब्रेकथ्रू स्टारशॉट’मध्ये तर यान काही ग्रॅमचंच होतं. माणूस न्यायचा म्हटलं की त्याची हवा, पाणी, माती, जंतू आणि भांडणं, सगळंच न्यावं लागतं.

ते नेऊन पाहण्याचा एक खरा प्रयोग झाला, आणि तो जमिनीवर. अमेरिकेतल्या ॲरिझोनात ‘बायोस्फिअर-२’ नावाची काचेची प्रचंड वास्तू उभारली गेली. तीन एकरांहून थोड्या मोठ्या जागेत वर्षावन, छोटा समुद्र, वाळवंट, गवताळ रान आणि शेती. २६ सप्टेंबर १९९१ रोजी चार स्त्रिया आणि चार पुरुष आत गेले, ते दोन वर्षांसाठी. हळूहळू प्राणवायू कमी होऊ लागला. सोळा महिन्यांत हवेतलं त्याचं प्रमाण २०.९ टक्क्यांवरून सुमारे १४.५ टक्क्यांवर आलं, म्हणजे चार हजार मीटर उंचीवरच्या डोंगरात असावं तसं. जिना चढताना धाप लागे, रात्री झोपेत श्वास अडके. शेवटी जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला.

प्राणवायू गेला कुठे? शेतीसाठी मुद्दाम सेंद्रिय द्रव्यानं भरलेल्या मातीतले सूक्ष्मजीव तो वापरत होते आणि कार्बन डायऑक्साइड सोडत होते. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या हिशेबात वाढलेला दिसत नव्हता. कोलंबिया विद्यापीठातले संशोधक जेफ सेव्हरिंगहाऊस यांनी कार्बनच्या समस्थानिकांवरून चोर शोधला: आतलं काँक्रीट. काँक्रीटमधला चुना तो वायू शोषून कॅल्शियम कार्बोनेट बनवत होता आणि वनस्पतींना तो परत मिळतच नव्हता. रचनाकारांनी जंगलाचा विचार केला, समुद्राचा केला, भिंतीचा राहिला. आतले परागवाहक कीटक मेले, मुंग्या आणि झुरळं माजली, पोटभर जेवण मिळेना आणि आठ जणांचे दोन तट पडले. जिवाभावाचे मित्र महिनोन्‌महिने एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. तरीही आठही जण दोन वर्षं पुरी करून बाहेर आले. अनेकांनी या प्रयोगाला फसलेला तमाशा म्हटलं. तो अन्याय होता, कारण बंद जगात काय बिघडतं याची इतकी मोलाची माहिती दुसरीकडून क्वचितच मिळाली असती.

किम स्टॅनली रॉबिन्सन यांच्या २०१५ च्या ‘ऑरोरा’ कादंबरीत याच शास्त्राची पुढची पायरी दिसते. बारा प्रकाशवर्षांवरच्या टाऊ सेटी ताऱ्याकडे सुमारे दोन हजार माणसं निघाली आहेत. जहाजाची मुख्य अभियंता देवी सतत गळती शोधते आहे: फॉस्फरस कुठे अडकला, कोणतं मूलद्रव्य चक्रातून निसटलं. जंतू झपाट्यानं बदलतात, माणसं तेवढ्या वेगानं बदलत नाहीत. अखेर नव्या घरी पाऊल ठेवल्यावर तिथला अतिसूक्ष्म रोगकारक माणसं मारतो, जहाजावर यादवी होते आणि एक गट पृथ्वीकडे परत फिरतो. या कादंबरीवर विज्ञानकथेच्या काही चाहत्यांचा रोष झाला. स्वप्न मोडलं असं त्यांना वाटलं. पण रॉबिन्सन यांनी विचारलेला प्रश्न टाळता येत नाही. निघणाऱ्यांनी स्वतःच्या मर्जीनं जहाज निवडलं. वाटेत जन्मलेल्या मुलांना कुणी विचारलं?

हा प्रश्न आकड्यांतही लपलेला आहे. अशा प्रवासाला किती माणसं हवीत? मानवशास्त्रज्ञ जॉन मूर यांनी २००२ मध्ये १६० चा आकडा सुचवला. कॅमेरॉन स्मिथ यांनी २०१४ मध्ये साथी आणि अपघात गृहीत धरून किमान १४,००० सांगितले. फ्रेडरिक मारिन आणि कॅमिल बेलुफी यांनी २०१८ मध्ये संगणकीय प्रतिरूपावरून ९८ हा आकडा काढला. इतका लहान आकडा जमतो, कारण त्यात अपत्यं किती, कोणाला, कधी आणि कोणापासून व्हावीत, यावर काटेकोर नियम आहेत. म्हणजे सर्वांत हलकं जहाज ते, जिथं प्रवाशांच्या खासगी आयुष्यावर सर्वांत जड पहारा आहे.

शिवाय निघावं कधी, हाही पेच आहेच. व्हॅन व्होग्ट यांच्या १९४४ च्या ‘फार सेंटॉरस’ कथेत पाचशे वर्षांनी पोचलेल्या प्रवाशांचं स्वागत करायला माणसंच उभी असतात. मागून निघालेली वेगवान यानं केव्हाच पुढे गेलेली. अँड्र्यू केनेडी यांनी २००६ मध्ये याचं गणित मांडलं: प्रगतीचा वेग ठाऊक असेल, तर ज्याच्या आधी निघणं तोट्याचं, असा एक मुहूर्त काढता येतो.

२०२५ मध्ये अशाच पिढ्यान्‌पिढ्यांच्या जहाजाचा आराखडा करण्याच्या ‘प्रोजेक्ट हायपेरिअन’ या स्पर्धेचा निकाल लागला. प्रत्येक चमूत वास्तुरचनाकार आणि अभियंत्यांबरोबर समाजशास्त्राचा जाणकार असणं तिथं बंधनकारक होतं. पहिल्या आलेल्या ‘क्रिसालिस’ आराखड्यात ५८ किलोमीटर लांबीचं जहाज आहे आणि प्रवास सुमारे ४०० वर्षांचा. त्यातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग जहाजाच्या बाहेर आहे. निघण्याआधी सत्तर-ऐंशी वर्षं काही पिढ्यांनी अंटार्क्टिकावर एकांतात राहून या जगण्याची सवय करायची आहे. त्यांतल्या सुरुवातीच्या माणसांना जहाजात चढायला मिळणार नाही, आणि त्यांच्या मुलांचा जन्मही बर्फावरच्या त्या बंद वस्तीत होईल.