गोड पेयांवरील कर आणि जांभूळ उत्पादक

बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यातील जांभूळ काढणीनंतर दोन दिवसांत नरम पडते. त्यामुळे त्याचे पेय करून उल्हासनगरच्या बाजारात विकावे, असे आपल्या मनात असेल. त्यापूर्वी वस्तू व सेवा कराचे दर पाहावेत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून फळांच्या रसाच्या पेयावर ५ टक्के कर आहे, पूर्वी तो १२ टक्के होता. त्याच पेयात वायू भरल्यास मात्र ४० टक्के. बाटलीबंद गोड शीतपेयांनाही ४० टक्केच. पूर्वीचा २८ टक्के कर व १२ टक्के उपकर मिळून बोजा तेवढाच होता.

किंमत चढली की खप घटतो आणि लठ्ठपणा, मधुमेह यांना आळा बसतो, असा अशा करामागील विचार आहे. परंतु आपला दर साखर मोजत नाही. साखर सारखीच असलेल्या दोन बाटल्यांपैकी एकीला ५ व वायू भरलेलीला ४० टक्के! ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून १०० मिलिलिटरमधील साखर मोजून कर लावला: ५ ग्रॅमच्या आत माफी, ८ ग्रॅमपासून सर्वांत जास्त. कर वाचविण्यासाठी कारखानदारांनी साखरच कमी केली.

तेव्हा ५ टक्के दर हा पेय आरोग्यदायी असल्याचा दाखला नव्हे. १०० मिलिलिटरला १० ग्रॅम साखर घातल्यास २०० मिलिलिटरच्या बाटलीत चहाचे चार-पाच चमचे साखर जाते. जांभूळ मधुमेहावर गुणकारी मानतात, म्हणून गिऱ्हाईक हीच बाटली घरातील मधुमेही माणसासाठी नेईल. साखर कमी ठेवावी आणि तिचे प्रमाण लेबलावर मराठीतही छापावे.