जुनी चिप, नवा डाव

क्योटोच्या निंटेंडो कंपनीत आठ हजारांच्या आसपास माणसं काम करतात. व्हिडिओ गेमच्या धंद्यात तिच्यासमोर उभे आहेत ते सोनी आणि मायक्रोसॉफ्ट. सोनीत लाखभर माणसं, मायक्रोसॉफ्टमध्ये दोन लाखांहून जास्त. सोनी सिनेमे काढते, गाणी विकते, मोबाइलच्या कॅमेऱ्यांचे सेन्सर बनवते. मायक्रोसॉफ्टकडे विंडोज आहे, क्लाउड आहे. गेमच्या विभागाला एखादं वर्ष वाईट गेलं तरी या दोघींचा गाडा थांबत नाही. निंटेंडोचं तसं नाही, तिची सगळी भिस्त खेळांवरच. १८८९ साली ती पत्ते छापायला लागली, तेव्हापासून तिने मधूनमधून इतर उद्योग करून पाहिले, पण पोट भरलं ते खेळांनीच. 'आता ही कंपनी संपली' असं गेल्या पंचवीस वर्षांत तिच्याबद्दल अनेकदा लिहून झालं. तरी २०१७ मध्ये आलेल्या तिच्या 'स्विच' या यंत्राने १५ कोटींचा आकडा ओलांडला. हे कसं जमतं ते कळायला आधी कन्सोलचा धंदा चालतो कसा ते पाहावं लागतं.

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचं किंवा हातात धरून खेळायचं यंत्र. बनवणारी कंपनी या यंत्रावर सहसा फारसं कमवत नाही; पुष्कळदा सुरुवातीला तोटाच सोसते. कमाई असते गेममध्ये. बाहेरच्या कंपनीने बनवलेला ६० डॉलरचा गेम विकला गेला, की साधारण तीस टक्के कन्सोलवाल्याच्या खिशात जातात. गेम घरचाच असेल, तर वाटेकरी आणखी कमी. म्हणजे यंत्र घरात शिरण्यापुरतं, खरा गल्ला नंतरचा. मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकारी बाईंनी २०२१ साली अमेरिकेतल्या कोर्टात साक्ष देताना सांगितलं, की एक्सबॉक्सच्या यंत्रावर कंपनीने कधीच नफा मिळवलेला नाही.

या पद्धतीत खोल खिशाला महत्त्व येतं. २००७ पर्यंत एक्सबॉक्स ३६० ही यंत्रं मोठ्या संख्येने बंद पडू लागली होती. मायक्रोसॉफ्टने वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली, त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली आणि पुढे चालू लागली. सेगा या जपानी कंपनीला असली चैन परवडणारी नव्हती. तिचं 'ड्रीमकास्ट' हे यंत्र १९९८ च्या अखेरीस आलं. यंत्र उत्तम होतं, गेमही चांगले होते. पण सोनीचा प्लेस्टेशन २ येणार म्हणून गिऱ्हाईक थांबून राहिलं, यंत्रामागचा तोटा साचत गेला आणि २००१ च्या सुरुवातीला सेगाने कन्सोलचा धंदाच गुंडाळला. एकेकाळी निंटेंडोशी बरोबरीने झुंजणारी ही कंपनी आज फक्त गेम बनवते, आणि ते निंटेंडोच्या यंत्रावरही विकते.

मग निंटेंडो वाचते कशी? पहिलं उत्तर तिच्या गुनपेई योकोई या अभियंत्याकडे मिळतं. त्यांचं म्हणणं असं, की तंत्रज्ञान अगदी नवं असताना त्याच्यामागे धावू नये. ते रुळलं, स्वस्त झालं, त्याचे गुणदोष सगळ्यांना माहीत झाले, की मग ते कुणाला सुचलं नाही अशा कामाला लावावं. १९८९ चा गेम बॉय त्यांच्याच हाताखाली तयार झाला. पडदा हिरवट, रंग नाहीत, मागून उजेड नाही, म्हणून खिडकीजवळ बसून खेळावं लागे. सेगाने त्यावर रंगीत, उजळ पडद्याचा गेम गिअर आणला. दोन्ही शेजारी ठेवले तर कुणीही सेगाचंच यंत्र उचललं असतं. पण त्याला पेन्सिल सेल लागत सहा आणि ते तीन ते पाच तासांत संपत. गेम बॉयला चार सेल लागत आणि ते दहा तासांहून जास्त चालत, शिवाय किंमतही कमी. सेलचा खर्च आईबापांच्या माथी येतो, हे निंटेंडोच्या लोकांनी ओळखलं होतं. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून जास्त यंत्रं खपली.

हाच डाव २००६ साली पुन्हा टाकला गेला. सोनीचा प्लेस्टेशन ३ अमेरिकेत ५०० आणि ६०० डॉलरला आला. त्याच महिन्यात निंटेंडोचा 'वी' आला २५० डॉलरला. त्यातला प्रोसेसर मागच्याच यंत्रातला, थोडा वेगवान केलेला. एचडी चित्र नाही. मात्र हातातला रिमोट हवेत फिरवला, की पडद्यावरची रॅकेट फिरायची. ज्यांनी आयुष्यात गेमचं बटण दाबलं नव्हतं ते आजी-आजोबा टीव्हीसमोर उभे राहून बोलिंग खेळू लागले. वी १० कोटींवर विकला गेला; प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० दोन्ही नऊ कोटींच्या आत राहिले. ताकदीच्या शर्यतीत निंटेंडो उतरलीच नव्हती, त्यामुळे त्या शर्यतीचा खर्चही तिच्या अंगावर पडला नाही.

इथवर वाचून वाटेल, की स्वस्त चिप आणि एखादी गमतीदार कल्पना एवढ्यावर भागतं. तसं असतं तर २०१२ चा 'वी यू' पडला नसता. त्याच्या कंट्रोलरमध्येच पडदा होता, पण तो घेऊन टीव्हीपासून फार लांब जाता येत नसे. नावामुळे घोटाळा असा झाला, की अनेकांना ते नवं यंत्र न वाटता जुन्या वीचा एखादा सुटा भाग वाटलं. बाहेरच्या कंपन्यांनी त्याच्यासाठी गेम बनवणं भराभर थांबवलं. एकूण खप १ कोटी ३५ लाखांच्या आसपास. त्याआधी, मार्च २०१२ मध्ये संपलेल्या वर्षात, कंपनीला सुमारे तीस वर्षांत पहिल्यांदा निव्वळ तोटा झाला होता. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी आपला पगार निम्म्यावर आणला आणि माणसं कमी करायला नकार दिला. नोकरी जायच्या धाकात असलेली माणसं लोकांना भावेल असा गेम बनवू शकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. हे बोलणं परवडलं, कारण चांगल्या वर्षांतला पैसा कंपनीने उधळला नव्हता आणि डोक्यावर कर्जही नव्हतं. सेगाकडे नेमकी हीच गोष्ट नव्हती.

पडलेल्या वी यूमधून एक गेम मात्र वाचला, आणि निंटेंडोचं दुसरं बळ त्यात दिसतं. २०१४ साली वी यूवर 'मारिओ कार्ट ८' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम आला. ८० लाखांच्या वर प्रती गेल्या. यंत्रच कमी घरांत होतं, तर जाणार किती? २०१७ मध्ये तोच गेम थोडी भर घालून स्विचवर आला, पूर्ण ६० डॉलरला. त्याच्या ६ कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. बनवायचा मोठा खर्च आधीच होऊन गेला होता. इतर कंपन्यांचे गेम वर्षभरात निम्म्या किमतीवर येतात, निंटेंडोचे वर्षानुवर्षं जवळपास त्याच किमतीला विकले जातात. मारिओ, झेल्डा यांचे गेम दुसऱ्या कुणाच्या कन्सोलवर मिळत नाहीत. ज्याला मारिओ हवा त्याला निंटेंडोचं यंत्र घ्यावंच लागतं.

स्विचच्या यशाचं श्रेय बहुतेक जण त्याच्या रूपाला देतात: टीव्हीला जोडा, नाहीतर उचलून बरोबर न्या. माझ्या मते मोठं कारण त्याच्या दोन वर्षं आधी कंपनीच्या आत घडलं. तोवर निंटेंडो दोन यंत्रं एकाच वेळी चालवत असे, एक टीव्हीचं आणि एक हातातलं, आणि दोन्हींसाठी वेगवेगळे गेम लागत. मोजकी माणसं दोन आघाड्यांवर वाटली जात. एका यंत्राला गेम मिळाले की दुसऱ्याकडे दुष्काळ. २०१५ मध्ये गेम बनवणारे मोठे विभाग एकत्र केले गेले. त्यानंतर सगळे हात एकाच यंत्राच्या कामाला लागले. लहान कंपनीने मोठ्यांशी लढताना आपलं बळ विभागायचं नाही, हे तिला उशिरा का होईना कळलं.

बाहेरच्या कंपन्यांशी संबंध हा मात्र तिचा जुना दुखरा भाग. १९९१ मध्ये सोनीबरोबर सीडीवर चालणारं यंत्र काढायचं ठरलेलं असताना निंटेंडोने ऐनवेळी फिलिप्सचा हात धरला. दुखावलेल्या सोनीने स्वतःचं प्लेस्टेशन काढलं. निंटेंडो पुढेही कॅसेटलाच चिकटून राहिली. तिच्या कॅसेटमध्ये जास्तीत जास्त ६४ एमबी मावत, सीडीत साडेसहाशेच्या आसपास. 'फायनल फँटसी ७' या गेमला तर तीन सीड्या लागल्या. तो १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आला आणि त्याच्या मागोमाग बरंच गिऱ्हाईकही तिकडे गेलं.

आता पुढचं. स्विच २ जून २०२५ मध्ये आला. पहिल्या चार दिवसांत ३५ लाख आणि सप्टेंबरअखेर एक कोटीवर यंत्रं गेली. सुरुवात झोकात झाली. प्रतिस्पर्ध्यांकडे पाहिलं, तर मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी जवळपास ६,९०० कोटी डॉलरला घेतली, पण मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे गेम आता सोनीच्या यंत्रावरही येऊ लागलेत. यंत्र विकण्यातला तिचा रस आटत चालल्याचंच हे लक्षण. सोनीचं गिऱ्हाईक बरंचसं वेगळं आहे. माझ्या मते निंटेंडोला धोका आहे तो किमतीचा. स्विच २ अमेरिकेत ४५० डॉलरला आला, त्याचा मारिओ कार्ट ८० डॉलरला. वीच्या २५० पासून हे अंतर बरंच आहे. दुसरा धोका मोबाइलचा: रोब्लॉक्ससारखा गेम मुलं फुकट खेळतात, त्यासाठी वेगळं यंत्र घ्यावं लागत नाही. आईबापांना परवडणारं खेळणं ही जी जागा गेम बॉयने मिळवली होती, ती अशी दोन्ही बाजूंनी कुरतडली जातेय.

आपल्याकडे निंटेंडो स्विच अधिकृतपणे विकत नाही. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात बाहेरून आणलेली यंत्रं मिळतात, त्यांची किंमत दुकानदार ठरवतो आणि बिघडली तर कंपनीच्या वॉरंटीचा भरवसा धरता येत नाही. नव्वदच्या दशकात इथल्या मुलांनी मारिओ पळवला तोही निंटेंडोच्या फॅमिकॉम या जुन्या यंत्राच्या नकली डब्यांवर, त्यातला एक पैसाही क्योटोला पोचला नसेल. इतका मोठा देश हाताशी असून मोकळा सोडणं मला तरी धोरण वाटत नाही, दुर्लक्ष वाटतं.

स्विच २ चं भवितव्य जोखायचं असेल, तर यंत्रं किती खपली या बातमीवर थांबू नका. कंपनी दर तिमाहीला यंत्रांबरोबर विकल्या गेलेल्या गेमचाही आकडा छापते. एकाला दुसऱ्याने भागा. स्विचचं उत्तर नऊच्या आसपास येतं. निंटेंडोचाच २००१ चा गेमक्यूब २ कोटी १७ लाखांवरच अडला, म्हणून हरलेला मानला जातो, पण त्याचंही उत्तर नऊच्या वर आहे. वी यूचं साडेसातच्या जवळ. नव्या यंत्राचा आकडा सुरुवातीला लहानच असणार, त्याला चार-पाच वर्षं द्या. तेव्हा तो नऊला पोचला असेल, तर सोनी आणि मायक्रोसॉफ्ट कितीही मोठ्या असोत, निंटेंडोला त्यांची भीती बाळगायचं कारण नाही.