पाचव्या बाईचा एक किलो



दिवाळीच्या ऑर्डरी यायला लागल्या की गटागटांत एक भांडण हमखास होतं. आमच्याही गटात झालं होतं. चकल्यांची मोठी ऑर्डर होती, म्हणून आम्ही पाचवी बाई कामाला घेतली. संध्याकाळी वजन केलं, तर आदल्या दिवसापेक्षा माल जेमतेम किलोभर जास्त. लगेच कुजबुज सुरू झाली. ही नवी नुसती बसून असते, हिला आपल्याइतकी मजुरी कशाला? तिच्या कानावर ते गेलं आणि ती यायची बंद झाली. आपण तिच्यावर अन्याय केला, हे मला फार उशिरा कळलं. अडचण तिच्या हातांत नव्हती, आमच्या एकुलत्या एक शेगडीत होती.

कशी ते सांगते. हिशेब सोपा जावा म्हणून गोळाबेरीज आकडे घेऊ. एक शेगडी, एक कढई. एकटी बाई भाजणी मळणार, सोऱ्यातून चकल्या पाडणार, तळणार आणि पाकिटंही भरणार. समजा दिवसाला 4 किलो होतात. दुसरी आली की एक पाडते, एक तळते, कढई रिकामी राहत नाही. दोघींच्या मिळून 10 किलो. म्हणजे दुसरीमुळे 6 किलोंची भर पडली, पहिलीपेक्षाही जास्त. तिसरी आल्यावर 15 किलो. चौथी आल्यावर 18. पाचवी आली तेव्हा 19. आणि सहावी आली तरी 19च! कढईत एका वेळी मावतील तेवढ्याच चकल्या मावणार ना? बाकीच्या हातांनी घाणा निघायची वाट बघायची.

प्रत्येक नव्या बाईमुळे एकूण मालात जी भर पडते, तिला अर्थशास्त्रात सीमांत उत्पादन म्हणतात. एखादी गोष्ट तेवढीच ठेवून दुसरी वाढवत गेलं, की एका टप्प्यानंतर ही भर कमी कमी होत जाते. याला घटत्या सीमांत फलाचा नियम म्हणतात. नाव अवघड आहे, पण शेतातल्या बाईला हे ठाऊकच असतं. त्याच एकरात खताचं पहिलं पोतं जेवढं पीक वाढवतं, तेवढं चौथं वाढवत नाही.

यात कोणी कामचुकार असावं लागत नाही. पाचवी बाई पहिल्या दिवशी पहिली म्हणून आली असती, तर तिनेही 4 किलो केले असते, आणि आमच्यातली सगळ्यांत चटपटीत बाई पाचवी म्हणून आली असती, तर तिच्याही नावावर एकच किलो पडला असता.

आता मुंबईत, गिरगावात जाऊ. लिज्जत पापड तुम्हाला माहीत आहेच. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल म्हणजे छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले 80 रुपये. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटं. तीनेक महिन्यांत लाटणाऱ्या पंचवीसच्या आसपास झाल्या.

मग पावसाळा आला. बायका होत्या, पीठ होतं, पण पापड वाळणार कुठे? पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं. त्या दिवसांत आणखी पन्नास बायका आणल्या असत्या, तरी एक पापड जास्त वाळला नसता. दुसऱ्या वर्षी त्यांनी काय केलं? एक खाट आणि एक स्टो आणला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टो पेटवायचा. मला ही खाट फार आवडते. कुठे अडतंय ते नेमकं बघून तेवढ्यावरच पैसे खर्च केले.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस बायका तीनशेच्या वर गेल्या. गच्ची मात्र तेवढीच. तीनशे जणी, तीनशे पोळपाट आणि पापड वाळवायची जागा, हे सगळं एका गच्चीवर कसं मावणार? कामच थांबलं असतं. तेव्हा त्यांनी मळलेलं पीठ बायकांना घरी न्यायला दिलं. लाटणं आणि वाळवणं घरी, वजन आणि पाकिटं भरणं एका जागी. प्रत्येक नव्या बाईबरोबर तिच्या घराची जागाही कामाला आली. गच्चीची मर्यादा लाटण्यापुरती उठली. पीठ मळणं मात्र एका ठिकाणीच ठेवलं, नाहीतर प्रत्येक घरचा पापड वेगळा लागला असता. आज तिथे सुमारे 45 हजार बायका आहेत, आणि घरी लाटायची पद्धत तीच आहे.

गच्ची वाढवता येत नाही किंवा काम बाहेर नेता येत नाही, तोवरच्या काळाला अर्थशास्त्रात अल्पकाळ म्हणतात. तो कॅलेंडरवर मोजत नाहीत. आमच्या गटाचा अल्पकाळ दुसरी शेगडी येईपर्यंतचा. गच्चीवरच्या बायकांनी तो पीठ वाटून संपवला.

आणखी एक वाट गिरगावाच्या पलीकडे, परळ-लालबागच्या कापड गिरण्यांनी दाखवली. एकाच मागापाशी चार माणसं उभी करून कापड वाढत नाही. म्हणून गिरण्या पाळ्यांत चालायच्या. माग तेच, माणसं आळीपाळीने. (खोल्याही तशाच. एका पाळीचा कामगार उठला की त्याच्या जागेवर दुसरा झोपायचा. त्याचे हाल वेगळे, ते आज नको.) शेगडी घ्यायला पैसे नसतील, तर सहा जणींनी एकदम गर्दी करण्यापेक्षा तिघी सकाळी आणि तिघी दुपारी बसल्या, तर तीच कढई जास्त माल देईल.

आता पैशांचं बघू. सामान आणि गॅस वजा जाता किलोमागे 100 रुपये सुटतात आणि दिवसाची मजुरी 300 आहे, असं धरा. तिसरी बाई 500 आणते. चौथी 300, म्हणजे तिच्या मजुरीइतकेच. पाचवी 100 आणते आणि 300 नेते. सरासरीने बघाल तर फसाल. पाच जणींचे 19 किलो म्हणजे प्रत्येकी पावणेचारच्या वर, आकडा वाईट दिसत नाही. तोटा दिसतो तो शेवटच्या भरीत. वहीत रोजचं एकूण वजन लिहिता तसं शेजारी "आज किती जणी" हेही लिहा, म्हणजे भर आपोआप दिसेल.

सहा जणी आणि दोन शेगड्या असतील, तर तिघी-तिघींचे 15 आणि 15, म्हणजे 30 किलो. आधीच्या 19 वर 11 जास्त. दिवसाला 1,100 रुपये. दुसरी शेगडी, कढई मिळून 6,600 ला पडली, तर सहा दिवसांत फिटली. अर्थात तेवढी ऑर्डर हातात हवी. नाहीतर चकल्या मऊ पडतील आणि शेगडी धूळ खाईल.

मजुरीचं राहिलं. लिज्जतमध्ये जितकं लाटाल तितका मोबदला मिळतो, आणि ते तिथे चालतं, कारण एकीचा पोळपाट दुसरीला अडवत नाही. एका कढईभोवती पाच जणी असताना कोणती चकली कोणाची, हे सांगताच येत नाही. तिथे दिवसाची मजुरी सगळ्यांना सारखीच हवी. बाई वाढवायची की नाही, हे गटाने आधी ठरवायचं. वाढवल्यावर तिच्याकडून वजनाचा हिशेब मागायचा नाही.

आमच्याकडे दुसरी शेगडी आली तेव्हा मी तिला बोलवायला गेले होते. तोवर ती दुसऱ्या गटात लागली होती.